झेपेल तशी मराठी

चौकातला कारखान्याचा फलक वाचणाऱ्याचे डोळे ओळखायचा आणि त्याला झेपेल तशी मराठी दाखवायचा. आज काशिनाथ तांडेलला दिसलं, "थोडा वास येईल. काळजी नसावी."

शेजारी रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका शालनबाई उभ्या होत्या. त्यांनी स्वतःला दिसणारा मजकूर मोठ्याने वाचला, "टाकीतील दाब मर्यादेपलीकडे. फॉस्जीन वायूचे उत्सर्जन अपरिहार्य."

काशिनाथ उखडला. "मला असलं काही दिसत नाही. उगाच लोकांना घाबरवू नका."

"तुम्हाला मुद्दाम सोपं करून दाखवलंय."

"म्हणजे मी अडाणी?"

"त्यांच्या लेखी, हो."

"मग तुमचं ते उत्सर्जन, अपरिहार्य काय असतं, ते तुम्हीच सांगा सोप्या मराठीत."

शालनबाईंनी त्याचा दंड धरला.

"पळा."