चांगल्या दिवसाची सही

डिमेन्शिया झाल्यापासून बाबा वाईट दिवशी पुढ्यात येईल त्या कागदावर सही ठोकतात. परवा इस्त्रीवाल्याच्या वहीत ठोकली, त्याआधी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेवर. पण फ्लॅटचं बक्षीसपत्र माझ्या नावे करायचं, तर रजिस्ट्रार ऑफिसातला साहेब आधी चार प्रश्न विचारणार. दोनदा कोपरखैरण्याहून रिक्षाने नेलं, दोन्ही वेळा साहेबांसमोर मलाच रिक्षावाला म्हणाले. वर संघमित्राताई फोनवर भांडते, "अभय, हिंमत असेल तर चांगल्या दिवशी विचार त्यांना!" हिला काय जातंय बोलायला? तीन वर्षं म्हाताऱ्याला मी सांभाळतोय.

आज सकाळी बाबांनी स्वतः दाढी केली, पेपर उघडून तारीख, वार बरोबर सांगितला. म्हटलं, आज सोडायचं नाही. चहासुद्धा न देता रिक्षात घातलं.

साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "काका, हा कोण?"

"माझा मुलगा, अभय."

सुटलो एकदाचा!

"फ्लॅट याला देताय ना? मग करा इथे सही."

बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि पेन टेबलावर ठेवलं.

"याला ओळखलं नसतं ना साहेब, तर केली असती."