हिरवा डाग

थोरला भिकन सहा वर्षांचा झाला तरी त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, म्हणून धाकटी लेक सव्वा महिन्याची होताच चांगुणा सासूबाईंना घेऊन निफाडहून नाशिकच्या दवाखान्यात आली. नर्सबाईंनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, “ओल्या लंगोटावर औषध टाकल्यावर हिरवा डाग उठला, तर भावाचाच आजार हिलाही आहे असं समजा.” डॉक्टरीणबाईंनी थेंब सोडला आणि बघता बघता लंगोटावर हिरवागार डाग पसरला. सासूबाईंचा चेहरा उजळला. “हिरवं उमटलं, लय शुभ झालं,” म्हणत त्यांनी सुनेच्या हिरव्या चुड्यावरून हात फिरवला. चांगुणाने लेकीला छातीशी घट्ट धरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “थोरल्याचं कळायला फार उशीर झाला. हिचं वेळेत कळलंय. पथ्य नीट सांभाळलं तर ही बोलेल.” सासूबाई लंगोट धुवायला निघाल्या. “राहू द्या आत्याबाई,” चांगुणा म्हणाली, “शुभच हाय तो.”