दर पंधरा मिनिटांनी

"पुन्हा तोच," तिने पडद्यावर बोट ठेवलं. "दर पंधरा मिनिटांनी. दिवसाला शहाण्णव वेळा."

साहेबांनी खुर्ची ओढली. कार्यालयाची सगळी मेल तिच्या ताब्यातल्या सर्व्हरमधून जायची. बाहेरचा कुणी स्वतःची मेल त्यातून तिसऱ्यालाच ढकलू लागला, की सर्व्हर ती अडवायचा आणि नोंद ठेवायचा; अडलेली मेल पाठवणाऱ्याचं यंत्र आपोआप पुन्हा पुन्हा धाडत राही. एखाद्याचं फावलं, तर कार्यालय काळ्या यादीत जायचं आणि त्याची मेल कुणीच घेत नसे. म्हणून ती डोळ्यांत तेल घालून बसे. सगळे तिला 'दरवान' म्हणत.

"पाठवणारा कोण?"

"नाव आपल्याच कार्यालयाचं लावलंय. जुना, बंद झालेला पत्ता."

"भलताच लबाड. आणि पाठवतोय कुणाला?"

"नेहमीसारखंच. दिसेल त्याला."

"मग चार दिवस वाट कसली बघताय? तक्रार करून मोकळ्या व्हा."

ज्या कंपनीचं इंटरनेट तो वापरत होता, तिला तिने पत्र लिहिलं. तीनदा खोडलं. पाठवलं, आणि दुपारचा डबा न उघडताच परत पिशवीत ठेवला.

संध्याकाळी उत्तर आलं. ग्राहकाची जोडणी तोडली होती. साहेबांनी शाबासकी दिली. पुढची पंधरा मिनिटं ती पडद्याकडे बघत राहिली. नवी नोंद आली नाही.

घरी आई चष्मा लावून कॉम्प्युटरपुढे बसली होती. दादा भांडून गेल्याला तीन वर्षं झाली. त्याच्या जाण्याने कार्यालयात रिकाम्या झालेल्या खुर्चीवरच तिला नोकरी मिळाली होती. आईची बॅग तेव्हापासून पलंगाखाली भरलेली होती.

"त्याची एक ओळ येऊ दे, मी निघालेच त्याच्याकडे," आई रोजच्यासारखं म्हणाली.

तिने दोन कपांत चहा ओतला. एकच कप काढायचा दिवस तिच्या डोळ्यांपुढे आला, की ती दुसरा कप आधीच काढून ठेवी.

"आलं का गं काही?" आईने विचारलं. "मला मेलं नीट दिसत नाही यात."

तिने वाकून पाहिलं. "नाही."

"तुमच्या ऑफिसने मोडीत काढलेला तो जुना लॅपटॉपच असेल अजून त्याच्याकडे. त्यात सगळं ऑफिसचंच भरलेलं, त्यावरून मेल जात तरी असेल का?"

"लिहायचं असतं तर लिहिलं असतं त्याने," ती म्हणाली आणि आईचा कप पुढे सरकवला.

रोजच्या शहाण्णवच्या शहाण्णव नोंदींत घेणाऱ्याचा पत्ता एकच होता, आणि तो तिने पहिल्याच दिवशी ओळखला होता. आईच्या नावाने तो तिनेच काढून दिला होता.