बॉक्समधला राब

पंचांनी घड्याळ बघितलं आणि पंचवीस मिनिटं दिली. तेवढ्यात मैदान मोकळं झालं नाही, तर सामना न खेळताच बोर्डीच्या संघाला. गेल्या वर्षीही कैनाड गावाच्या क्लबने असाच एक सामना घालवला होता. दुसऱ्यांदा तेच झालं, तर क्लबचं नाव स्पर्धेतून कायमचं कटणार होतं.

मिथुनला हे वेगळं सांगायला नको होतं. दोन वर्षांपूर्वी दिपक सरांनी हा फुटबॉल क्लब काढला, तेव्हा वहीत पहिलं नाव त्याचंच लिहिलं होतं, कॅप्टन म्हणून. मैदान म्हणजे त्याच्या बापाचं, हाल्याचं, भात कापल्यावर रिकामं पडणारं शेत. आणि आज तिथे एका गोलसमोर, चुन्याने आखलेल्या बॉक्समध्ये, काठोकाठ राब पसरलेला होता. खाली शेण, त्यावर पाला, त्यावर पेंढा, वर माती. पावसाआधी हे जाळायचं आणि त्या जागेत भाताचं बी टाकायचं. कंपनीच्या पाळीमुळे मिथुन पंधरा दिवस तलासरीला राहिला होता. त्याने हे आज सकाळीच पाहिलं.

सर म्हणाले, अकरा जण आहात, वीस मिनिटांत बाजूला होईल, सामना झाला की परत पसरू. म्हणणं काही खोटं नव्हतं. गोलकीपर लक्ष्या तर दाताळं घेऊन तयारच होता. बांधावर मिथुनची आई, रूपी, उभी होती. महिनाभर डोक्यावर पाला वाहून तिची मान आखडली होती.

मिथुन तणतणत बापाकडे गेला. सामन्याची तारीख फोनवर सांगितली होती, एवढं शेत पडलेलं होतं, मग इथेच का, असं त्याने विचारलं.

हाल्याला प्रश्नच कळला नाही.

"तुमी खेळता ती सगळी जागा सोडली ना," तो म्हणाला. "दोन वरसं बघतो. तू नि तुझे सर सारखे वरडता, बॉक्समदी नको, बॉक्समदी नको. म्हणलं, तेवढी जागा तुमाला लागत नाय. रेघ बघून घातला. पानसुदा बाहेर नाय."

मिथुनने पाहिलं. खरंच नव्हतं. काठावरचा पाला हाताने आत सारलेला दिसत होता, चुना कुठेही पुसला नव्हता. बाप दोन वर्षं प्रत्येक सामन्याला बांधावर उभा असायचा. बॉक्समध्ये नको म्हणजे तिथे कुणाला पाडू नको, नाहीतर पेनल्टी बसते, हे त्याला समजावून सांगायचं मिथुनच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

वीसच मिनिटं उरली, असं सर मागून ओरडले. लक्ष्याने दाताळं पेंढ्यात घातलं.

"लक्ष्या, ठेव ते," मिथुन म्हणाला.

सर धावत आले. त्यांचा आवाज चिरकला होता. क्लब आज संपेल, कळतंय का तुला, असं त्यांनी दोनदा विचारलं. मिथुन हो म्हणाला. बापाच्या कानावर जाणार नाही इतक्या हळू म्हणाला. मग पंचांकडे जाऊन त्याने सामना सोडल्याच्या कागदावर सही केली. सर वही मांडीवर घेऊन बांधावर बसले, पण ती त्यांनी उघडली नाही.

वारा पडलेला होता. एवढ्यातच लावून टाकतो, म्हणत हाल्याने काडी ओढली. पेंढा चरचरत पेटला, धूर सरळ वर गेला. तिकडे बोर्डीची मुलं बूट हातात घेऊन जीपमध्ये चढायला लागली. हाल्या बघतच राहिला.

"ते का चालले? बाकीचं सगळं मोकळं हाय की."

"घाबरले," मिथुन म्हणाला.

हाल्या मनापासून हसला. एक जळतं पान उडून चुन्याच्या रेघेवर आलं होतं, ते त्याने काठीने आत ढकललं आणि मैदानाकडे पाठ करून रेघेवर उभा राहिला.

"मग तुमी खेळा," तो म्हणाला. "मी हाय इथं. बाहेर येऊ देत नाय."