अर्ध्या दाढीची पैज

“पायात दोन रंगांचे मोजे घालून दिवसभर हिंडायचं,” धाकटा म्हणाला. “कशी वाटते पैज?”

“तुझ्या वर्गातली निम्मी पोरं रोज तशीच येतात,” ताई म्हणाली. “वेगळं काय त्यात?”

मॅडम हसल्या. ताईलाही हसू आलं, पण मांडीवरची पर्स तिने सैल सोडली नाही.

सलूनला आठवड्याची सुट्टी होती. शटर अर्धं ओढलेलं. धाकटा, म्हणजे ताईचा भाऊ, शाळेत मास्तर. ओसीडीच्या, म्हणजे मंत्रचळाच्या, रुग्णांसाठी चालणाऱ्या केंद्राला निधी गोळा करून द्यायचा आणि लोकांना आजाराची माहितीही द्यायची, असा विडा त्याने उचलला होता. मॅडम त्याच केंद्रातल्या समुपदेशक. लोक हसत हसत भाग घेतील अशी एखादी पैज तिघांना शोधून काढायची होती.

चौथा माणूस आतल्या बाजूला चहा गाळत होता. सलूनचा मालक, ताईचा नवरा. बैठक इथेच घ्या, असं त्यानेच आपणहून सुचवलं होतं. ताईला तेच खटकत होतं.

कारण गेले आठ महिने हा माणूस तिच्या भावाचं तोंड बघायला तयार नव्हता. त्याआधी दोघांचं गूळपीठ. आता धाकटा घरात आला, की हा गच्चीवर. मागच्या आठवड्यात तेवढा दोन मिनिटं त्याच्याशेजारी येऊन बसला होता. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या त्याने कपाटात कुलूप लावून ठेवल्या होत्या. ताईला कांदा चिरायचा तर किल्ली मागावी लागे. दुकानात वस्तरा बंद केला होता. गिऱ्हाइकांना सांगे, “मशीनच बरं.” काय बिनसलं म्हणून विचारलं, तर मान खाली.

परवा त्या वस्तऱ्याच्याच खणात तिला एक वही सापडली होती. आता ती पर्समध्ये होती.

चहा आला. त्याने सगळ्यांना कप दिले आणि मॅडमना न विचारता बिनसाखरेचा दिला. पाहुणीला निदान विचारावं तरी, असं ताईच्या मनात आलं. मॅडमनी मात्र मुकाट्याने घोट घेतला.

“घरातल्या सगळ्या तसबिरी तिरक्या टांगायच्या?” धाकटा म्हणाला. “नाहीतर दिवसातून एकदाच हात धुवायचे!”

“हात धुणं, तसबिरी, हे लोकांना माहीत असतं,” मॅडम म्हणाल्या. “काहींच्या आजारात बाहेरून काहीच दिसत नाही. घरच्यांनाही नाही. आणि हसायचं असेल, तर आजाराला नको. आपण आपल्यालाच हसू.”

धाकट्याने आपली भरघोस दाढी खाजवली आणि एकदम टाळी वाजवली.

“अर्धी दाढी! एका बाजूची काढायची, दुसरी तशीच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. कितीही चुळबुळ झाली तरी नीट करायची नाही. लोक विचारतील, तेव्हा सांगायचं: माझी ही चुळबुळ संध्याकाळी संपते, काहींची संपत नाही.”

“झकास,” मॅडम म्हणाल्या.

“आणि आम्ही बायकांनी?”

“एकाच कानात डूल घाल, ताई.”

“पहिला तूच बस,” मागून आवाज आला. “आत्ताच.”

तिघांनी वळून पाहिलं. ताईच्या नवऱ्याच्या हातात वस्तरा होता.

“मशीन नाही, भाऊजी?” धाकट्याचा चेहरा खुलला. “वा! किती दिवसांनी तुमचा हात लागणार!”

त्याने खुर्ची आरशाकडे वळवली, मान मागे टाकली आणि डोळे मिटले. नवऱ्याने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, ब्रशने फेस चढवला. कपाळावर घाम होता. ओठ हलत होते. मॅडमनी कप खाली ठेवला आणि त्या एकटक त्याच्या हाताकडे पाहू लागल्या.

ताईला ती वही पाठ झाली होती.

बंद वस्तरा खिशात. चार.

उघडा वस्तरा हातात. सहा.

मेव्हण्याशेजारी बसणे. सात.

या तिन्हींपुढे बरोबरची खूण. शेवटच्या ओळीपुढे खूण नव्हती, आजची तारीख होती.

वस्तरा, मेव्हणा, गळा. दहा.

आपण मूर्ख आहोत, असं तिने दोन दिवस स्वतःला बजावलं होतं. सोळा वर्षांचा संसार. माशी मारायची झाली तरी हा माणूस खिडकी उघडून तिला बाहेर घालवी. पण आता पातं फेसातून खाली सरकलं, कानापासून जबड्यावर, जबड्यावरून गळ्यावर, आणि तिथे थांबलं. नवऱ्याने डोळे घट्ट मिटून पुन्हा उघडले.

“अहो, नका!”

ती धावली आणि दोन्ही हातांनी त्याचं मनगट ओढलं. वस्तरा निसटला. पांढऱ्या फेसात लाल रेघ उमटली.

“अगं ताई!” धाकटा उठून बसला. गळ्याला हात लावून त्याने बोट पाहिलं. “खरचटलंय नुसतं. काय झालं काय तुला?”

“मारणार होते हे तुला!” तिने पर्समधून वही ओढून मॅडमच्या हातात कोंबली. “वाचा! सगळं ठरवून लिहिलंय!”

मॅडमनी वही उघडली नाही.

“ही यादी आम्ही दोघांनी मिळून केली,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “आठ महिने ते माझ्याकडे येताहेत. ओळींपुढचे आकडे भीतीचे आहेत, दहापैकी. जिवापाड प्रेम असतं त्याच माणसाला आपल्या हातून काही होईल, ही भीती हाच त्यांचा आजार. असं ते कधीच करणार नाहीत. भीती घालवायला पायरीपायरीने तिला सामोरं जायचं; आज शेवटची पायरी होती.”



ताईचा नवरा जमिनीवरच्या वस्तऱ्याकडे पाहत होता. मग त्याने हळूहळू दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले.

“बघा मॅडम,” तो म्हणाला. “हिलाही तेच वाटतं.”