पाचवा रुग्ण

भूलतज्ज्ञ डॉ. सुलभा टिपणीस पडद्यावर चार झोपलेल्या रुग्णांचे श्वास पाहत होत्या. भूल यंत्रच देई. त्यांनी फक्त लक्ष ठेवायचं. आजपासून एकदम आठ जणांवर, असा व्यवस्थापनाचा हुकूम होता. चारांहून जास्त जणांवर एका माणसाचं लक्ष राहत नाही, अशी तीन पत्रं त्यांनी लिहिली होती. एकाचंही उत्तर आलं नव्हतं.

मागच्या महिन्यात भूलतज्ज्ञांची संघटना रुग्णालय कामगारांच्या महासंघात सामील झाली. अर्ज भरताना सुलभाबाईंना अवघडल्यासारखं झालं होतं. डॉक्टरांनी कसली युनियन करायची!

पाचव्या रुग्णाचं स्ट्रेचर शस्त्रक्रिया विभागाच्या दाराशी येऊन थांबलं.

“मॅडम, किती झोपलेत?” स्ट्रेचर ढकलणाऱ्या दौलतने विचारलं.

“चार.”

“मग हे आजोबा इथंच थांबतील. महासंघात ठरलंय, आकडा तुम्ही सांगायचा, चाकं आम्ही थांबवायची.”

व्यवस्थापक पारकर धावत आले. “तुला काय कळतं रे भुलीतलं?”

“काहीच नाही साहेब. म्हणून तर मॅडमना विचारलं. आज सगळ्याच दारांवर आमची माणसं हेच विचारतायत.”

पारकर सुलभाबाईंकडे वळले. “पाचवा घ्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका.”

सुलभाबाईंनी दाराकडे पाहिलं. स्ट्रेचर हललं नव्हतं.

“चारच,” त्या म्हणाल्या.

पारकर फोन काढून वरच्यांशी बोलायला बाहेर गेले.

“डॉक्टरीणबाई, मग माझं काय?” आजोबांनी विचारलं.

“एक जण शुद्धीवर आला की तुम्ही. तुम्ही झोपाल तेव्हा माझं तुमच्याकडे लक्ष असेल.”

“मग थांबतो की. घाई त्या साहेबांना आहे.”