सात नंबरची काच

"पाच हजार वर्षांपूर्वीच्या पाट्यावर मका? तेव्हा इकडे मका होता तरी का?" सरांनी सगळ्यांसमोर माझी वही टेबलावर आपटली. "तुझ्या हातमोज्यांची पावडर आहे ही, मक्याच्या पिठाची! दोन वर्षांचं काम मातीत घातलंस. संशोधनाच्या पेपरमधून तुझं नाव काढतोय."

दोन वर्षं त्या पाट्याच्या खाचांमधून धान्याचे कण मी एकटीने टिपले होते. "मला त्या दगडाला हात लावायलाही वेळ नाही," असं सर उठता-बसता सांगायचे.

"कुठल्या काचेवर दिसला मका?" मी विचारलं.

"सात नंबरच्या. आज सकाळी स्वतः पाहिलाय मी, मायक्रोस्कोपखाली. वर तोंड करून बोलू नकोस."

"सात नंबरवर पाट्याचं काहीच नसतं, सर. ती कोरी काच. हवेतून काय पडतं ते कळावं म्हणून मी घरी जाताना ती पाट्याशेजारी उघडी ठेवते. काल संध्याकाळी तपासली तेव्हा स्वच्छ होती."

सरांनी वही उचलली, पुन्हा ठेवली.

"आणि माझे हातमोजे बिनपावडरचे आहेत. पावडरचे फक्त तुमच्या कपाटात असतात. मी गेल्यावर पाट्यापाशी काय करत होतात?"